तुम्हाला असे म्हणायचे होते का?

अडावदच्या शाळेत, जानेवारीत, तिसरीच्या वर्गात
आम्ही सहा टॅब्लेट घेऊन आलो आणि त्यांत एक पांढरी चौकट.
चौकटीशेजारी पोपट. पोपटावर पुण्यात
तीन बैठका झाल्या होत्या: चोच किती लाल,
डोळा मिचकावावा की नको.
पोरांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.
पोपट म्हणजे त्यांच्या लेखी
मक्यावरून हाकलायची गोष्ट.

भाग्येश कोळीनं बोट चड्डीला पुसलं,
एकेक अक्षर हुडकत लिहिलं:
केयीले थंडी वाजस का

चौकटीत एक चक्र फिरत राहिलं.
मग नम्रपणे, मीच शिकवलेल्या नम्रपणे:
तुम्हाला 'केळी' असे म्हणायचे होते का?

तो माझ्याकडे वळला.
"नही. केयी."
कुणी नाव चुकीचं घेतल्यावर सांगावं,
तसं शांतपणे.

मी भुसावळची. चौथीत 'डोया' म्हटलं म्हणून
वाघुळदे सरांनी फूटपट्टी उभी धरली होती बोटांवर.
तेव्हापासूनचा तो ळ मी जपून वापरते,
मुलाखतीला घालायच्या बुटांसारखा.
आईचा फोन आला की काढून ठेवते.
मला वाटायचं, ती फूटपट्टी कधीच हरवली.
ती इथे होती.
गोल कोपऱ्यांची, निळ्या अक्षरांची,
माझ्याच हाताची.

भिंतीपाशी सुमली पावरा. ती लिहीत नव्हती.
माईकच्या चित्रावर बोट ठेवून काहीतरी बोलली, हळू,
आणि यंत्राला पावरी येत नव्हती. मलाही नाही.
जरीना तडवीनं सांगितलं:
"ती विचारते, दिल्ली किती झोपांवर आहे.
तिचा बाप केळीच्या ट्रकवर गेलाय."

आमच्याकडे किलोमीटर होते. तास होते.
हॉटेलांचे दर होते, लाल किल्ल्याची वेळ होती.
झोपा नव्हत्या.
चक्र फिरतच होतं, तेवढ्यात जरीनाच म्हणाली,
"दोन. गाडी बिघडली तर तीन."
सुमलीनं बोटं मोजली
आणि टॅब्लेट माझ्याकडे परत दिला.

रात्री चोपड्याच्या लॉजवर
मी य आणि ळ यांना एकाच दारातून आत घेतलं.
पोपट काढला.
दहा उत्तरांची तीन केली, कारण दिवसभर
कुणीही पहिल्याच्या खाली गेलं नव्हतं.
पहिलं म्हणजे खरं, असंच वाचत होती सगळी.
मग उत्तरांच्या खाली एक बटण ठेवलं:
हे तुझ्या शेजारी कुणाला माहीत आहे का?
निनाद फोनवर म्हणाला, याचे आकडे कसे मोजणार?
आणि य चालवून घेतलास तर पोरं चुकीचंच शिकतील.
मी म्हटलं, शिकवायला शाळा आहे,
आपण नुसता दरवाजा करतोय.
मला ते तितकंसं पटलं नव्हतं. तरी म्हटलं.

मग नोंदी उघडल्या.
चार नंबरच्या टॅब्लेटवर कुणीतरी लिहिलं होतं
रातले माले
आणि पुसलं होतं.
पुसलेलंही आमच्याकडे उरतं,
हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.
मी नोंद ठेवणं बंद केलं. ते बरोबर होतं.
आणि पहाटेपर्यंत जागी राहिले:
रातले माले काय?
चार नंबर कुणाच्या हातात होता?

सकाळी भाग्येशनं तोच प्रश्न पुन्हा लिहिला.
त्याच्या स्वेटरला धुराचा वास येत होता;
रात्री बापाबरोबर बांधावर काडीकचरा पेटवून
बागेला ऊब देत बसला होता म्हणे.
या वेळी चौकटीनं काही दुरुस्त केलं नाही. उत्तर आलं:
हो. थंडी फार पडली की पानं पिवळी पडतात, घड अडकतो.

त्यानं ओठ हलवत सगळं वाचलं.
मी विचारलं, कळलं?
"माले माहीत शे," तो म्हणाला.
"याले माहीत शे का, ते दखत व्हतू."